खवले दिसले की कंबर मोजावी

(केरी, तालुका पेडणे येथे ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय सोरायसिस असा जाहीर झाला आहे. कातडीच्या एका आजाराविषयी डॉक्टर तासभर काय बोलणार, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो स्वाभाविक आहे. म्हणून प्रारंभीच एक प्रसंग सांगतो.

काही वर्षांपूर्वी पंचेचाळिशीचे एक गृहस्थ माझ्याकडे आले. मासेमारीचे घराणे. कोपर, गुडघे आणि पाठ यांवर लालसर चट्टे, त्यांवर चांदीच्या वर्खासारखे पांढरे खवले. आजार दहा वर्षांचा. ऐन उन्हाळ्यातही ते पूर्ण बाह्यांचा सदरा घालीत. दहा वर्षे मलमे आणली, लावली, संपली की पुन्हा आणली. त्यांना एवढेच हवे होते, की मी आणखी एखाद्या मलमाची चिठ्ठी लिहून द्यावी. मी मोजपट्टी काढून त्यांची कंबर मोजू लागलो, तेव्हा ते किंचित रागावूनच म्हणाले, "डॉक्टर, मी कातडी दाखवायला आलो आणि तुम्ही पोट कशाला मोजता?"

कंबर ९८ सेंटिमीटर भरली. रक्तदाब वाढलेला निघाला. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त तपासले, तर मधुमेह असल्याचे दिसून आले. या तिन्ही गोष्टींची त्यांना गंधवार्ताही नव्हती. कातडीच्या निमित्ताने ते आले नसते, तर ती कदाचित हृदयविकाराच्या झटक्यानेच प्रथम कळली असती.

त्या गृहस्थांचा प्रश्न मात्र अगदी योग्य होता. कातडीचा आजार असता पोट का मोजावे? या एका प्रश्नाचे उत्तर देण्याचा मी आज प्रयत्न करणार आहे.

हा आजार कोणता आणि कोणता नव्हे

आपल्या त्वचेचे वरचे पापुद्रे सतत झडत असतात आणि खालून नव्या पेशी वर येत असतात. तळाशी जन्मलेली पेशी पृष्ठभागावर येऊन झडून जाण्यास साधारणतः चार आठवडे लागतात. सोरायसिसमध्ये हाच प्रवास अवघ्या काही दिवसांत उरकला जातो. पेशी परिपक्व होण्यापूर्वीच वर येतात, एकमेकींवर साचतात आणि त्यांचे खवले बनतात. खालच्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात, म्हणून चट्टा लाल दिसतो.

ही घाई त्वचा आपण होऊन करीत नाही. रोगजंतूंशी लढण्यासाठी आपल्या रक्तात ज्या पांढऱ्या पेशी असतात, त्यांतील काही पेशी विनाकारण उत्तेजित होतात आणि दाह निर्माण करणारी द्रव्ये सोडतात. शत्रू नसता सैन्य बाहेर पडावे, तसा हा प्रकार आहे. याची प्रवृत्ती काही अंशी आनुवंशिक असते. घशाचा संसर्ग, मानसिक ताण, धूम्रपान, मद्यपान, काही औषधे आणि त्वचेला झालेली इजा यांमुळे ती जागृत होते. ज्यांना हा आजार आहे, त्यांना जेथे खरचटते, तेथेच कधी कधी नवा चट्टा उमटतो. जाळी ओढणाऱ्यांनी आणि शेतात राबणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

आता हा आजार कोणता नव्हे तेही स्पष्ट सांगितले पाहिजे. हा गजकर्ण नव्हे, खरूज नव्हे, कोड नव्हे आणि कुष्ठरोगही नव्हे. युरोपातही एकोणिसाव्या शतकापर्यंत सोरायसिस आणि कुष्ठरोग यांची गल्लत होत असे. व्हिएन्ना येथील त्वचारोगतज्ज्ञ फेर्डिनांड फोन हेब्रा यांनी १८४१ च्या सुमारास हे दोन आजार भिन्न असल्याचे निर्विवादपणे मांडले. योगायोग असा, की त्याच्या पुढच्याच वर्षी, १८४२ मध्ये, पणजी येथे वैद्यकीय शिक्षणाची शाळा स्थापन झाली. आज बांबोळी येथे असलेले गोवा वैद्यकीय महाविद्यालय ही तिचीच परंपरा होय. एवढा काळ लोटला, तरी आपल्या गावांतून ही गल्लत पूर्णतः गेलेली नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

सोरायसिस स्पर्शाने पसरत नाही. एका पंगतीला बसल्याने, एका विहिरीचे पाणी वापरल्याने, एकमेकांचे कपडे घातल्याने किंवा फेरीबोटीत शेजारी उभे राहिल्याने तो होत नाही. तो रोगजंतूंचा आजारच नाही, मग पसरणार कोठून? भारतातील निरनिराळ्या पाहण्यांनुसार दर शंभर माणसांमागे अर्ध्यापासून तीनपर्यंत व्यक्तींना हा आजार आढळतो. म्हणजे प्रत्येक वाड्यावर असे एखादे माणूस असणे संभवते. ते आपणांस दिसत नसेल, तर ते लांब बाह्यांच्या आड लपले आहे असे समजावे.

पाच मोजमापे

आता काही काळ त्वचा बाजूला ठेवून दुसऱ्या विषयाकडे वळू. पुढे हे दोन्ही विषय एकत्र येतील.

१९८८ मध्ये जेरल्ड रीव्हन या अमेरिकन वैद्यकतज्ज्ञांनी आपल्या एका प्रसिद्ध व्याख्यानात एक महत्त्वाची गोष्ट मांडली. उच्च रक्तदाब, रक्तातील वाढलेली साखर आणि मेदाचे बिघडलेले प्रमाण हे दोष योगायोगाने एकत्र येत नाहीत. त्यांच्या मुळाशी बहुधा एकच कारण असते. शरीरात इन्शुलिन असते, परंतु पेशी त्याचे ऐकेनाशा होतात. पुढे यात पोटावरील चरबीची भर पडली आणि या सर्वांस मिळून चयापचय लक्षणसमूह असे नाव रूढ झाले.

हा लक्षणसमूह ओळखण्यासाठी पाच मोजमापे पुरतात. पहिले, कंबरेचा घेर: आपल्याकडील पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक. दुसरे, रक्तदाब: १३०/८५ किंवा त्याहून अधिक. तिसरे, उपाशीपोटी रक्तशर्करा: १०० किंवा त्याहून अधिक. चौथे, रक्तातील ट्रायग्लिसराइड नावाचा मेद: १५० किंवा त्याहून अधिक. पाचवे, हितकारक कोलेस्टेरॉल: पुरुषांत ४० पेक्षा व स्त्रियांत ५० पेक्षा कमी. या पाचांपैकी कोणतीही तीन लक्षणे आढळली, तर तो माणूस मधुमेह आणि हृदयविकार यांच्या वाटेवर आहे असे समजले जाते. यापैकी एखाद्या दोषावर औषध सुरू असेल, तर तोही मोजणीत धरावा.

हा विषय आपल्यापासून दूरचा आहे असे कोणी मानू नये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार संपूर्ण देशात मधुमेहाचे प्रमाण प्रौढ लोकसंख्येच्या ११.४ टक्के आढळले. गोव्यात मात्र ते २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत अधिक निघाले. गोव्यातील जवळपास दर चार प्रौढांमागे एक! पहिला क्रमांक मिळाला की आपण आनंद मानतो. हा क्रमांक मात्र चिंता करावी असा आहे.

चरबी ही ग्रंथी आहे

या दोन आजारांना जोडणारा धागा रक्तात सापडतो. ते समजण्यासाठी चरबीविषयीची आपली जुनी समजूत बदलावी लागेल.

चरबी म्हणजे कणगीत साठवलेले भात, गरज पडली की काढावे, अशी कल्पना पूर्वी वैद्यकशास्त्रातही होती. १९९४ मध्ये न्यूयॉर्क येथे जेफ्री फ्रिडमन आणि त्यांचे सहकारी यांनी लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लावला आणि ही कल्पना मागे पडली. संप्रेरक म्हणजे शरीराच्या एका भागातून रक्तावाटे दुसऱ्या भागाकडे जाणारा निरोप. लेप्टिन हा मेदपेशींनी मेंदूकडे धाडलेला निरोप आहे: साठा पुरेसा आहे, आता खाणे थांबवावे. चरबी वाढते तसे रक्तातील लेप्टिनही वाढते. परंतु सारखी हाक मारणाऱ्याकडे जसे दुर्लक्ष होते, तसा मेंदू त्या निरोपाकडे लक्ष देईनासा होतो. भूक कमी होत नाही आणि लेप्टिन मात्र वाढतच राहते. हे वाढलेले लेप्टिन आणखी एक काम करते. रक्तातील ज्या पांढऱ्या पेशींचा उल्लेख मी आरंभी केला, त्यांना ते दाहाच्या दिशेने चेतवते.

दुसरे संप्रेरक अ‍ॅडिपोनेक्टिन. याचाही शोध १९९० नंतरच्या दशकातला. हेही मेदपेशीच तयार करतात. परंतु याची रीत उलटी आहे. चरबी वाढली की हे कमी होते. हे संप्रेरक इन्शुलिनला साहाय्य करते, रक्तवाहिन्यांचे रक्षण करते आणि दाह शमवते. म्हणजे पोट सुटते तेव्हा चेतवणारा निरोप वाढतो आणि शांतवणारा निरोप घटतो, असे दुहेरी नुकसान होते. रेझिस्टिन नावाचे तिसरे द्रव्य २००१ मध्ये उजेडात आले. माणसांत ते मुख्यतः दाह निर्माण करणाऱ्या पेशींकडून येते, आणि तेही चेतवणाऱ्यांच्याच पक्षात मोडते.

आता सोरायसिसच्या रुग्णांचे रक्त काय सांगते ते पाहू. अनेक देशांत झालेल्या अभ्यासांचा कल असा आहे, की या रुग्णांच्या रक्तात लेप्टिन आणि रेझिस्टिन सर्वसाधारण माणसांपेक्षा अधिक आढळतात आणि अ‍ॅडिपोनेक्टिन कमी आढळते. सर्व अभ्यासांचे एकमत नाही. यातील किती फरक आजारामुळे आणि किती वजनामुळे, याविषयीही तज्ज्ञांत चर्चा आहे. परंतु दिशा बऱ्याच अंशी स्पष्ट आहे.

या संबंधाची वाट दोन्ही बाजूंनी चालू असते. चट्ट्यांतील दाहाची द्रव्ये रक्तात उतरतात आणि इन्शुलिनच्या कामात अडथळा आणतात, रक्तवाहिन्यांच्या अस्तरास अपाय करतात. उलट बाजूने, पोटातील चरबीमधून निघणारी तशीच द्रव्ये त्वचेतील दाहास खतपाणी घालतात. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर नावाचे एक द्रव्य तर दोन्ही ठिकाणी सापडते. त्वचेतही आणि चरबीतही.

आपल्याकडे खाजन शेती आहे, म्हणून एक उदाहरण देतो. खाजनाच्या एखाद्या कोपऱ्यात भाताचे रोप पिवळे पडते, मातीवर मिठाची पांढरी साय दिसते. अजाण माणूस तेवढ्याच कोपऱ्यातील माती खरवडील. जाणता शेतकरी मात्र बांधाकडे आणि मानशीकडे धावतो. कारण त्याला ठाऊक असते, की खारे पाणी कोठूनतरी आत शिरले आहे आणि ते साऱ्या खाजनात पसरणार आहे. सोरायसिसचा चट्टा हा तो कोपरा समजावा. मलम लावणे आवश्यकच आहे; परंतु बांधाकडेही गेले पाहिजे.

आकडे काय सांगतात

हे केवळ तर्क नव्हेत. काश्मीरमध्ये सोरायसिसचे १५० रुग्ण आणि तितकेच निरोगी लोक यांची तुलना करण्यात आली व तिचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. चयापचय लक्षणसमूह रुग्णांपैकी २८ टक्के व्यक्तींत आढळला. निरोगी लोकांत तो ६ टक्के होता. ब्रिटनमध्ये सोरायसिसच्या सुमारे १ लाख ३० हजार रुग्णांच्या नोंदी तपासून २००६ मध्ये असे दाखविण्यात आले, की या आजारात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढतो, आणि तीव्र आजार असलेल्या तरुण रुग्णांत ही वाढ सर्वांत ठळक असते. तीव्र सोरायसिस असलेल्या तिशीतील माणसाचा धोका त्याच वयाच्या इतरांच्या सुमारे तिप्पट निघाला. तिशीत हा धोका मुळात फार लहान असतो, म्हणून तिप्पट या शब्दाने घाबरून जाऊ नये. मात्र त्याकडे दुर्लक्षही करू नये.

"आम्ही तर किडकिडीत माणसे, आम्हांला याची काय भीती?" असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर पुण्याच्या संशोधनाने दिले आहे. पुणे येथील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांतील माता व बालके यांचा दीर्घकाल अभ्यास केला. त्यांना असे आढळले, की आपली अर्भके वजनाने लहान असतात, परंतु त्या लहान शरीरात चरबीचे प्रमाण मात्र टिकून असते. २००२ मध्ये त्यांनी पुण्यातील नवजात बालकांच्या नाळेतील रक्ताची लंडनमधील गोऱ्या बालकांच्या रक्ताशी तुलना प्रसिद्ध केली. पुण्याची बाळे वजनाने बरीच कमी असूनही त्यांचे लेप्टिन जवळजवळ तेवढेच होते आणि इन्शुलिन अधिक होते. म्हणजे हे निरोप आपल्या रक्तात जन्मापासूनच फिरू लागतात.

२००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात आपले दोघांचे छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचा तंतोतंत सारखा, २२.३. परंतु डॉ. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि डॉ. याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! यावरून कळते, की आपणां भारतीयांच्या बाबतीत केवळ वजनकाट्यावर विसंबून चालत नाही. कंबर मोजली पाहिजे.

तर मग करावे काय?

प्रथम एक सावधगिरी. माझे हे बोलणे ऐकून उद्या कोणी लेप्टिनची तपासणी करून घेण्यासाठी प्रयोगशाळेत धाव घेऊ नये. या संप्रेरकांची मोजणी आज संशोधनाच्या कामी येते; रुग्णावर कोणते उपचार करावेत हे त्यावरून ठरत नाही. ती तपासणी महाग आहे आणि आपल्या गावच्या माणसाला तिची गरज नाही. त्या संप्रेरकांनी आपल्याला शिकविलेला धडा एका साध्या मोजपट्टीने अमलात आणता येतो.

कंबर मोजण्याची रीत सोपी आहे. ताठ उभे राहावे. सर्वांत खालची बरगडी आणि कंबरेचे हाड यांच्या मध्यावर, अंगाला लागून परंतु न आवळता, मोजपट्टी आडवी धरावी. श्वास सहज सोडावा आणि आकडा वाचावा. पोट आत ओढून आकडा कमी करणाऱ्यांनी स्वतःलाच फसविले असे होईल. त्यानंतर आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि रक्तातील मेद तपासून घ्यावेत. तिशी ओलांडलेल्या सर्वांच्या रक्तदाब व मधुमेह तपासणीची तरतूद शासनाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. सोरायसिसच्या रुग्णाने तिशीची वाटही पाहू नये. सांधे सुजत असतील किंवा सकाळी बोटे आखडत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगावे. या आजारात काहींना संधिवात होतो आणि वेळेवर उपचार न झाल्यास सांधे कायमचे वाकडे होतात.

आहाराविषयी मी फार मोठा उपदेश करणार नाही. आपल्या पूर्वजांची उकड्या तांदळाची पेज आणि बांगडा-तारल्यांचे कालवण हा वाईट आहार नव्हे. ते नांगर धरीत होते, वल्ही मारीत होते आणि बाजारास पायी जात होते. ताटातील भाताचा ढीग तोच राहिला आणि चालणे मात्र सुटले, ही आजची अडचण आहे. भात कमी करून भाजी, कडधान्ये व मासळी वाढवावी. मासळी तळण्याऐवजी कालवणात घ्यावी. बेकरीचे गोड पदार्थ व बाटलीबंद गोड पेये दूर ठेवावीत. केरीसारखी किनाऱ्यावरची वाळू आणि सुरूचे बन ज्यांच्या दाराशी आहे, त्यांनी फिरावयास जागा नाही असे म्हणू नये. तंबाखू आणि मद्य या दोहोंचा सोरायसिसशी व हृदयविकाराशीही संबंध आहे. फेणी घरची असली तरी यकृताला ती परकीच.

आहाराचा त्वचेवर परिणाम होतो काय? होतो. इटलीमध्ये सोरायसिस असलेल्या ३०३ जादा वजनाच्या रुग्णांवर झालेला प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना आहार व व्यायाम यांची शिस्त लावून दिली, त्यांच्या आजाराची तीव्रता २० आठवड्यांत ४८ टक्क्यांनी उतरली. ज्यांना केवळ तोंडी माहिती दिली, त्यांची सुमारे २५ टक्क्यांनी. दोन्ही गटांची औषधे चालूच होती. म्हणजे आहार व व्यायाम औषधाची जागा घेत नाहीत, परंतु त्याचे बळ वाढवितात.

औषधांविषयी चार गोष्टी कळकळीने सांगतो. एक, स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शने घेऊन चट्टे चार दिवसांत घालविण्याचे आमिष कोणी दाखवील, तर त्यास भुलू नये. ते औषध थांबताच आजार अधिक उग्र होऊन उसळतो, कधी जिवावरही बेततो. शिवाय साखर व रक्तदाब वाढतात ते वेगळेच. अंगारा, अनोळखी चूर्णे व नाव नसलेल्या पुड्या यांतही असे द्रव्य लपलेले असू शकते. दोन, मेथोट्रेक्सेट ही गोळी या आजारात आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. ती चुकून रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत. घरातील लिहित्यावाचत्या मुलाने दिनदर्शिकेवर तो वार गोल करून ठेवावा. ही गोळी चालू असता मद्य वर्ज्य. तीन, रक्तदाबावरील काही गोळ्या आणि हिवतापावरील क्लोरोक्विन यांनी सोरायसिस बळावू शकतो. म्हणून प्रत्येक डॉक्टरास आपला हा आजार सांगावा, मात्र चालू गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. चार, सोरायसिसवरील सायक्लोस्पोरिनने रक्तदाब आणि अ‍ॅसिट्रेटिनने रक्तातील मेद वाढू शकतो. म्हणजे रुग्णाची साखर, दाब आणि मेद ठाऊक असल्याशिवाय त्वचारोगतज्ज्ञालाही योग्य औषध निवडता येत नाही. पोट का मोजावे, याचे हे आणखी एक उत्तर.

घरगुती उपायांत खोबरेल तेल स्नानानंतर ओल्या अंगाला लावल्यास त्वचा मऊ राहते. सकाळच्या कोवळ्या उन्हाने पुष्कळांना बरे वाटते. मात्र कातडी भाजेपर्यंत उन्हात बसू नये. अतिनील किरणांचे उपचार तज्ज्ञांच्या देखरेखीखाली मोजूनमापून दिले जातात.

शिक्षक, अधिकारी आणि ग्रामस्थ

शिक्षक मित्रहो, आपल्या वर्गात एखाद्या मुलाच्या डोक्यात खवले असतील, तर त्यास शेवटच्या बाकावर एकटे बसवू नये. उलट तोच प्रसंग साधून साऱ्या वर्गाला सांगावे, की हा आजार लागत नाही. मुलांना एकदा पटले, की ती घरी जाऊन आजीलाही पटवून देतात. पाचवी-सहावीच्या मुलांना मोजपट्टी देऊन घरातील मोठ्या माणसांच्या कंबरा मोजून आणण्यास सांगावे. गणिताचा तास होईल आणि आरोग्याचाही.

आरोग्य खात्यातील सहकाऱ्यांना विनंती अशी, की सोरायसिसच्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर मलमाच्या नावाबरोबर कंबर, दाब आणि साखर हे तीन आकडे लिहिले जावेत. त्यासाठी नवी योजना नको, नवे अनुदान नको. एक मोजपट्टी आणि दोन मिनिटे पुरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य राष्ट्रांनी २०१४ मध्ये सोरायसिसविषयी ठराव संमत केला आणि २०१६ मध्ये संघटनेने त्यावर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. रुग्णांना सोसावी लागणारी अवहेलना आणि त्यांच्या शरीरातील इतर आजार, या दोन्हींकडे त्या अहवालाने लक्ष वेधले आहे. जगभरची ही जाणीव आपल्या उपकेंद्राच्या टेबलापर्यंत पोहोचली पाहिजे.

आणि ग्रामस्थ बंधुभगिनींनो, आपल्याकडून अपेक्षा सर्वांत मोठी आहे. पंगतीत ज्याच्या शेजारचे पान रिकामे राहते, ज्याचे केस कापण्यास नकार मिळतो, ज्या मुलीचे जुळत आलेले लग्न कोपरावरच्या एका चट्ट्यामुळे मोडते, ते माणूस हळूहळू घरात कोंडून घेते. ते चालणे-फिरणे सोडते, खाण्यात किंवा बाटलीत विसावा शोधते, दवाखान्यातही जात नाही. मग वजन वाढते, साखर वाढते आणि चट्टेही वाढतात. म्हणजे आपण दाखविलेली किळससुद्धा शेवटी त्याच्या रक्तात उतरते. हे मी आलंकारिक अर्थाने म्हणत नाही. ज्या संप्रेरकांविषयी आपण आज ऐकले, त्यांच्या वाटेनेच ती उतरते.

ज्या गृहस्थांच्या प्रश्नापासून मी आरंभ केला, त्यांचे पुढे काय झाले ते सांगून आपली रजा घेतो. मधुमेह आणि रक्तदाब यांची औषधे त्यांनी नियमित घेतली. संध्याकाळचा गुत्ता सोडून ते पत्नीसह किनाऱ्याने चालू लागले. वर्षभराने कंबर ९१ सेंटिमीटरवर आली, साखर आटोक्यात आली. चट्टे समूळ गेले नाहीत. हा आजार बहुधा समूळ जात नाही, असे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितले होते. परंतु पाठ बरीच निवळली आणि कोपरावर फिकट डाग तेवढे उरले. मागच्या खेपेस ते अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून आले. मी काही बोलण्यापूर्वीच त्यांनी माझ्या टेबलावरची मोजपट्टी उचलून माझ्या हाती दिली.

आपल्या गावातील प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत असे घडावे, ही सदिच्छा व्यक्त करतो.